घरचा दूरध्वनी

मुंबईत दूरध्वनीचे केंद्र 1882 साली उघडले. पुढे शतकाहून अधिक काळ दूरध्वनी म्हटला की त्याला तार ही आलीच. ती मिळणे मात्र सोपे नव्हते. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. आणि ज्याच्या घरी घंटा वाजे, त्याने साऱ्या चाळीचे निरोप पोचवावेत, असा रिवाजच पडून गेला होता.

मुलांनो, ह्या यंत्राची एक खुबी आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. वीज जाऊन घरात अंधार झाला, तरी ते चालू राही. असे का? त्याला लागणारी वीज घरची नसे. ती केंद्रातून, बोलणे वाहून नेणाऱ्या त्याच दोन तांब्याच्या तारांतून येई. रिसीव्हर उचलला की प्रवाह वाहू लागे, आणि कोणी बोलू इच्छितो हे केंद्रास कळे. जुन्या यंत्राची चकती फिरवून 5 हा अंक लावला, तर प्रवाह पाच वेळा खंडित होई. शून्याला दहा वेळा. एवढ्यावरून केंद्र क्रमांक ओळखी! तेथे मोठमोठ्या विद्युत्‌घटांच्या रांगा मांडलेल्या असत. त्यामुळे गावाची वीज गेली तरी बोलणे तुटत नसे.

1995 साली भारतात भ्रमणध्वनी आला. आरंभी येणाऱ्या संभाषणाचेही पैसे पडत. 2003 साली ती आकारणी थांबली आणि हे यंत्र खेड्यापाड्यांत पोचले. पुढे इंटरनेटवरून परदेशस्थ आप्तांशी समोरासमोर बोलता येऊ लागले. साहजिकच घरच्या जोडण्या लोक काढून टाकू लागले. 2006 च्या सुमारास देशात त्या सुमारे चार कोटी होत्या. 2020 पर्यंत निम्म्याच उरल्या. भ्रमणध्वनीला नावे ठेवण्याचे मात्र कारण नाही. शेतात, प्रवासात तो जे काम करतो ते तारेला कधीच साधले नसते.

अलीकडे घरच्या जोडण्या पुन्हा वाढत आहेत. परंतु ही नवी तार बहुधा काचतंतूची असते. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून तिच्या टोकाशी घरात जी पेटी बसवितात, तिला घरचीच वीज लागते. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांपाशीही विद्युत्‌घट असतात, पण ते काही तासांत संपतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कित्येक गावे अनेक दिवस विजेवाचून राहिली आणि भ्रमणध्वनीही मुके झाले. खांब कोसळले तर तांब्याची तारही तुटतेच, हे खरे. पण नुसती वीज गेल्याने ती मुकी होत नसे. नव्या पेटीला जोडावयाची लहान बॅटरी बाजारात मिळते. वृद्ध माणसे एकटी राहतात अशा घरी ती असली, तर वीज गेल्यावरही काही काळ 112 हा साहाय्याचा क्रमांक लावता येतो.