विषमतेचा ताळेबंद (भाग ६) : घर मिळाले, नावावर झाले नाही

गेल्या भागात उत्पन्नातली दरी पाहिली. संपत्तीतली दरी ही निराळी गोष्ट आहे, आणि पहिली थोडीफार बुजवली म्हणून दुसरी आपोआप बुजत नाही. दक्षिण आफ्रिकेत हे उघड दिसते. १९९४ साली तेथील वर्णभेदी राजवट संपली. १९९८ पासून गरीब घरातल्या मुलांसाठी दरमहा अनुदान सुरू झाले. आज कुठले ना कुठले सरकारी अनुदान घेणाऱ्यांची संख्या १.८ कोटींच्या वर आहे, तीही सहा कोटींहून थोड्याच अधिक लोकसंख्येच्या देशात. या पैशाने भूक कमी झाली हे नाकारणे कद्रूपणाचे होईल. तरीही २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने करनोंदी आणि घरोघरच्या पाहण्या ताडून पाहिल्या, तेव्हा वरच्या १० टक्क्यांकडे देशाची सुमारे ८६ टक्के संपत्ती निघाली. खालच्या निम्म्या लोकांची देणी त्यांच्या मालमत्तेहून जास्त भरली. वर्णभेद संपल्यापासून ही दरी कमी झाल्याचे त्या अभ्यासाला आढळले नाही.

कारण सरळ आहे. अनुदान महिनाअखेर संपते; मालमत्ता भाडे देते, कर्जाला तारण होते आणि मुलांच्या नावावर चढते. १९१३ च्या जमीन कायद्याने कृष्णवर्णीयांना जेमतेम ७ टक्के जमिनीपुरते बांधून टाकले. १९३६ मध्ये ती मर्यादा १३ टक्क्यांच्या आसपास गेली, आणि १९५० च्या कायद्याने शहरांतल्या वस्त्याही वर्णानुसार वाटल्या. जोहान्सबर्गजवळचे अलेक्झांड्रा १९१२ साली वसले म्हणून त्या कचाट्यातून सुटले होते. तिथे कृष्णवर्णीयांना स्वतःच्या नावावर जागा घेता येत असे. पुढे वर्णभेदी सरकारने तेही हक्क काढून घेतले. आज त्याच्या शेजारी सँडटनच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. तिथल्या जमिनीचे भाव गगनाला भिडले, पण त्या वाढीत वाटा मिळायचा तर आधी नावावर काही असावे लागते.

नव्या सरकारने लाखो घरे बांधून फुकट दिली. इतकी हिंमत फार थोड्या गरीब-मध्यम देशांनी दाखवली आहे. मात्र स्वस्त जमीन शहराच्या कडेला, म्हणून घरेही तिथेच. कामावर जायला मिनीबस टॅक्सी, आणि पगाराचा मोठा लचका त्या भाड्यात. त्यात पहिली आठ वर्षे घर खुल्या बाजारात विकण्यावर बंधन. कित्येकांचे मालकीचे दस्त तर वर्षानुवर्षे झालेच नाहीत, कारण वसाहतीचा आराखडाच सरकारदप्तरी रीतसर नोंदलेला नव्हता. असे घर राहायला ठीक. बँकेच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच.

दस्त द्या, विक्रीवरचे बंधन उठवा, असे म्हटले की आक्षेप येतो: गरिबाला विक्रीची मुभा दिली तर तो घर मातीमोलाने फुंकून पुन्हा झोपडीत जाईल. काही ठिकाणी तसे झालेही. पण दस्ताविना, तोंडी व्यवहाराने विकलेल्या घराला भाव मिळणार तरी कसा? बंदीमुळे विक्री थांबली नाही, फक्त किंमत पडली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आता कृष्णवर्णीय कोट्यधीशही आहेत, मग प्रश्न वर्णाचा उरला कुठे? खरे आहे, कृष्णवर्णीयांमधली आपसांतली विषमता वाढली आहे. त्यातून एवढेच दिसते, की वरच्या मजल्यावरची माणसे थोडी बदलली. तळमजल्यावरच्यांच्या नावावर काय आहे याचे उत्तर त्यात नाही.

तिसरा आक्षेप असा, की मालमत्तेचे फेरवाटप करायला गेले तर झिम्बाब्वेसारखी गत होईल. २००० नंतर तिथे मळे बळकावले गेले आणि शेती कोसळली. पण ज्यांना जमीन मिळाली त्यांना ना पक्की मालकी मिळाली, ना कर्ज. याउलट आपल्याकडच्या कूळकायद्यात कितीही पळवाटा असल्या, तरी कुळाचे नाव सातबाऱ्यावर लागले आणि त्यावर सोसायटीचे कर्ज उभे राहिले. अर्थात दक्षिण आफ्रिकेतले बहुसंख्य लोक आज शहरांत राहतात. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये भूसंपादनाच्या नव्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांनी सही केल्यावर सारा गदारोळ गोऱ्यांच्या मळ्यांभोवती झाला, हे मला अस्थानी वाटते. त्या कायद्याची खरी कसोटी शहरातल्या मोक्याच्या, पडीक ठेवलेल्या भूखंडांवर लागेल, आणि बांधून वाटलेल्या घरांचे दस्त करायला तर त्या कायद्याची गरजही नाही.