लाकडी भिंतींच्या भेगा : पावसाळ्यापूर्वीची दक्षता

कोकणात व घाटमाथ्यावर अनेक जुन्या घरांच्या माड्या, छपराखालचे त्रिकोणी भाग आणि पडव्या आजही फळ्यांनी बंदिस्त केलेल्या आढळतात. उन्हाळ्यात या फळ्यांना पडणाऱ्या बारीक भेगांकडे सहसा दुर्लक्ष होते. मृग लागताच त्यांतून पाणी आत शिरते आणि काही वर्षांत फळीबरोबर तिचा आधारही कुजू लागतो.

लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. हा बदल लांबीच्या दिशेने नगण्य, तर रुंदीच्या दिशेने बराच असतो. म्हणूनच भेगा उभ्या रेषांच्या दिशेने पडतात. लाकूड कुजते ते भेगेमुळे नव्हे, तर तीत साचून राहणाऱ्या ओलाव्यामुळे. लाकडातील ओलावा २० टक्क्यांहून कमी राहिल्यास कुजविणारी बुरशी सहसा वाढत नाही. दुरुस्तीचा खरा हेतू लाकूड कोरडे राखणे हाच होय.

प्रथम फळीतील भेग व दोन फळ्यांमधील फट यांतील भेद ओळखावा. फळ्यांना फुगण्यास जागा लागते. त्यामुळे जोडाची फट कठीण पदार्थाने बुजवू नये. त्यानंतर भेगेच्या कडेला टोचा खुपसून पाहावा. तो सहज आत गेल्यास लाकूड कुजलेले आहे असे समजून तो भाग बदलावा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्यास आधी वाळवीचा बंदोबस्त करावा.

केसासारख्या भेगांना तेल व रंगाचा हात पुरेसा असतो. त्याहून रुंद भेग ब्रशाने साफ करून तिच्या कडांना जवसाचे तेल लावावे. अन्यथा कोरडे लाकूड लांबीतील तेल शोषून घेते व लांबी सुटून पडते. नंतर खडूची भुकटी व जवसाचे तेल मळून केलेली लांबी दाबून भरावी आणि ती सुकल्यावर रंग द्यावा. आरपार गेलेल्या भेगेत त्याच जातीच्या लाकडाची पातळ चीप सरसाने बसवावी. सिमेंट मात्र वापरू नये. ते लाकडाबरोबर हलत नाही; कडेने सुटते व मागे पाणी धरून ठेवते.

दोन बाबतींत विशेष सावधगिरी हवी. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले व २०१७ पासून अमलात आले. तत्पूर्वीचा रंग कोरडा न घासता ओला करून खरवडावा व मुलांना दूर ठेवावे. शाळांत हे काम सुटीतच करणे इष्ट. दुसरे असे की, जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

वैशाखात एक दिवस काढून ग्रामपंचायतीने व शिक्षकांनी आपल्या ताब्यातील लाकडी इमारतींची अशी पाहणी केल्यास, आज मूठभर लांबीने भागणारे काम उद्या नव्या सागवानाच्या खर्चावर जाणार नाही.