जे लायनर झिजलं नाही ते

सकाळी 6:30. परतूर रोडवरचं शटर वर करायच्या आधीच टिपर येऊन उभा. उन्हाळ्यात आष्टीत हे ठरलेलंच. 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, तेव्हापासून पाऊस पडायच्या आत तलावातला गाळ ओढायची घाई असते.

“मिस्तरी, मागचं डावं लायनर परत रिबिटाला लागलं. नवं टाका अन् सोडा, खेपा बुडायल्या.”

“दोन्ही बाजू बघू भाऊ. उजवीकडंच काहीतरी असंल.”

7:00. चाकांना ठोकळे लावले, टाकीत पूर्ण हवा भरून इंजिन बंद केलं, हँडब्रेक सोडला. ब्रेक बूस्टरच्या दांड्यावर खडूची खूण केली आणि ड्रायव्हरला पायडल दाबून धरायला सांगितलं. डावीकडं दांडा दीड इंच बाहेर आला, उजवीकडं अडीच. या मापाच्या बूस्टरला दोन इंचांपर्यंतच चालतं. त्यापुढं दांड्यात जोर राहत नाही. जोडीतला एक बैल अंग चोरायला लागला की दुसऱ्याचा खांदा सोलवटतो, तसं झालं होतं.

8:30. ड्रम उतरवले. पोऱ्या हवेची नळी घेऊन धावला, त्याला थांबवलं. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं, आणि नव्यांची भुकटीही छातीत जायला नको. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. डावा ड्रम तापून निळसर पडलेला, आतून बारीक तडे. उजवं लायनर मात्र कोरं करकरीत. ड्रायव्हर खूश, “हे तर टकाटक हाय!”

उजव्या बाजूचा एस-कॅमचा शाफ्ट हातात धरून वर-खाली हलवला. खडखड. बुश लांबट झिजलेला, ग्रीसच्या निपलवर वाळलेल्या गाळाचं बूच. दांडा ढकलायचा, पण त्याची बरीच चाल बुशातला ढिलेपणा भरून काढण्यातच जायची, शूपर्यंत थोडीच पोचायची. स्लॅक ॲडजस्टर कितीही आवळला तरी हे लपतं, मिटत नाही.

11:00. गाडीच्या मालकांचा फोन. एकाच बाजूचं लायनर टाका म्हणाले. मी नाही म्हणालो. नव्या-जुन्याची जोडी लावली तर ब्रेक मारताच भरलेली गाडी एका अंगाला ओढते, आणि गावातल्या रस्त्यावर शाळेची पोरं असतात. थोडं बोलून त्यांनी मान्य केलं. तडे गेलेला ड्रमही बदलायचा ठरला. तो लेथवर घासून वापरणं मला पटत नाही.

दुपारी 3:00. दोन्हीकडं नवे बुश, नवी सील, एकाच कंपनीचं लायनर. ग्रीस बेतानं, जास्त झालं तर लायनरवर उतरतं. हँडब्रेकच्या बूस्टरचा क्लॅम्प पोऱ्याला खोलू देत नाही. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस जागचा जातो.

5:30. दोन्ही दांडे दीड इंचावर आले. माजलगाव रोडला चक्कर मारून ड्रम तपासले, दोन्ही सारखेच कोमट.

उद्या याच मालकांची दुसरी गाडी येतेय. तिचं पुढचं उजवं लायनर झिजतंय म्हणतात. म्हणजे खडू आधी डाव्या चाकाला.