घरखर्च देशोदेशीचा : सहा गुंठ्यांचा बाजार

रशियात घरासाठी आणि बागेसाठी काय विकत घेतले जाते, हे बऱ्याच अंशी दाचावर ठरते. दाचा म्हणजे शहराबाहेरचे छोटे घर आणि त्याभोवतीची बाग. हा शब्द ‘देणे’ या अर्थाच्या रशियन क्रियापदावरून आला. पीटर द ग्रेटने सेंट पीटर्सबर्गजवळ सरदारांना वाटलेल्या जमिनींशी त्याचे नाते सांगितले जाते. सर्वसामान्यांच्या हाती दाचा आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. 24 फेब्रुवारी 1949च्या सोव्हिएत सरकारच्या ठरावाने कामगारांना बागायतीसाठी जमिनी मिळू लागल्या आणि पुढे 600 चौरस मीटर हे माप रूढ झाले. रशियन माणूस त्याला ‘सहा सोत्का’ म्हणतो. एक सोत्का म्हणजे 100 चौरस मीटर, आपल्या गुंठ्याहून जेमतेम एक चौरस मीटर कमी.

या सहा गुंठ्यांचे वेळापत्रक दुकानेही पाळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर बर्फ असतानाच बियाणांची खरेदी सुरू होते, कारण उन्हाळा तोकडा असतो आणि टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपे घरातच वाढवावी लागतात. फ्लॅटच्या खिडकीच्या कट्ट्यावर दह्याचे रिकामे डबे आणि कापलेली दुधाची खोकी रांगेने मांडलेली दिसतात. उजेड कमी पडतो म्हणून वर दिवा टांगलेला असतो. 1 आणि 9 मेच्या सुट्ट्या आल्या की ही रोपे गाडीच्या डिकीतून किंवा लोकलमध्ये मांडीवर बसून दाचाला निघतात.

तिथे त्यांना हरितगृह लागते. पूर्वी जुन्या खिडक्यांच्या चौकटी किंवा प्लास्टिकचा कागद यांवर भागत असे. आता पोकळ पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याची कमानदार हरितगृहे सर्रास दिसतात. पत्र्याच्या पोकळीतली हवा ऊब धरून ठेवते आणि कागदासारखा तो दर शरदात उतरवावा लागत नाही. मात्र हिवाळ्यात वर साचलेल्या बर्फाच्या भाराने कच्ची कमान बसते. म्हणून जाणते गिऱ्हाईक रंगरूप पाहत बसत नाही. सांगाड्याची नळी किती जाड आणि दोन कमानींत अंतर किती, हेच विचारते. ऑगस्ट उजाडला की मागणी तीन लिटरच्या बरण्या, झाकणे आणि ती घट्ट बसवण्याच्या हातयंत्राकडे वळते. काकडी आणि टोमॅटो बरणीत गेल्याशिवाय हंगाम संपत नाही.

1990च्या दशकात महिनोन्‌महिने पगार थकत, तेव्हा दाचावरच्या बटाट्यावर अनेक घरे तगली. दुकाने भरल्यावर वाफ्यांची जागा हळूहळू हिरवळीने घेतली आणि खरेदीच्या यादीत गवत कापायचे यंत्र, झोपाळा, मांस भाजायची शेगडी अशा वस्तू आल्या. फुलझाडांत लांबट तुऱ्याचा हायड्रेंजिया विशेष लाडका. त्याला फूल नव्या फांदीवर येते, त्यामुळे थंडीने जुने शेंडे जळले तरी बहर चुकत नाही. 1 जानेवारी 2019 पासून लागू झालेल्या कायद्याने बागेच्या जमिनीवरचे घर राहण्याजोगे असल्यास तिथे कायमचा पत्ता नोंदवण्याची वाट सोपी केली. वर्षभर राहायचे म्हटले की बॉयलर, पाण्याचा पंप, शोषटाकी आणि भिंतींना उष्णतारोधक अस्तर हे सगळे ओघाने आलेच.

शहरातल्या फ्लॅटची तऱ्हा वेगळी. अनेक नवे फ्लॅट उघड्या काँक्रीटच्या अवस्थेत ताब्यात मिळतात. फरशी, दारे, वॉलपेपर, नळ सगळे घेणाऱ्याने बघायचे. या ‘रेमोंत’वरच, म्हणजे घराच्या डागडुजी-सजावटीवरच, मोठमोठी दुकाने उभी राहिली. आयकियाचे पहिले दुकान 2000 मध्ये मॉस्कोलगत खिम्कीला उघडले, तर फ्रेंच लरुआ मेर्लांचे 2004 मध्ये मितिश्चीला. युक्रेनवरील आक्रमणानंतर 2022 मध्ये आयकियाने आणि जर्मन ओबीने रशियातून अंग काढले. लरुआ मेर्लांचा कारभार स्थानिक व्यवस्थापनाकडे गेला आणि 2024 मध्ये ‘लेमाना प्रो’ अशी पाटी लागली. पडदे, भांडी, दिवे यांसाठी गिऱ्हाईक वाइल्डबेरीज आणि ओझोन या ऑनलाइन बाजारांकडे अधिकाधिक वळले. माल बहुधा इमारतीच्या तळमजल्यावरच्या केंद्रातून घ्यायचा आणि नापसंत पडला तर तिथेच परत करायचा. 1 जुलै 2024 रोजी सरसकट सवलतीचे गृहकर्ज बंद झाले आणि ऑक्टोबरमध्ये मध्यवर्ती बँकेचा व्याजदर 21 टक्क्यांवर गेला. घर घेणेच लांबले की त्यातले फर्निचरही लांबते.

एक मात्र सगळ्या उलाढालीत टिकून आहे: जुने टाकायचे नाही. नवा सोफा आला की जुना आधी बाल्कनीत आणि मग दाचावर जातो. सोव्हिएत काळातला फ्रिज तिथे घरघरत असतो. गाडीचा झिजलेला टायर कापून, वाकवून, पांढरा रंगवून त्याचा राजहंस करतात आणि फाटकापाशी, फुलांच्या वाफ्यात ठेवतात.