ज्येष्ठमध : घशाला गोड, पण मापातच बरं!

मैत्रिणींनो, आमच्या मावळात पाऊस आला की चार महिने मुक्कामालाच येतो. लोणावळ्यात तर धुकं खिडकीतून सरळ घरात शिरतं. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटी पेटत नाही आणि घरात कुणाचा ना कुणाचा घसा धरलेला असतोच. अशा दिवसांत फळीवर हळद, सुंठ, ओव्याच्या शेजारी आणखी एक बाटली हवीच. ती म्हणजे ज्येष्ठमधाच्या पुडीची.

या नावाचा ज्येष्ठ महिन्याशी काही संबंध नाही बरं का! मूळ शब्द यष्टिमधु. यष्टि म्हणजे काठी. म्हणून ही मधासारखी गोड काठी. चरकसंहितेत बुद्धी वाढवणाऱ्या रसायनांत तिचं चूर्ण दुधातून घ्यायला सांगितलं आहे. आपल्या बाळगुटीतही हिची मुळी असते. मात्र झाड आपल्याकडचं नव्हे. त्याला कोरडी हवा आणि भुसभुशीत जमीन लागते. आमच्या घाटातल्या पावसात ते कसं तगणार? म्हणून इराण, अफगाणिस्तानकडून मुळ्या येतात. तिच्यातला गोड अंश साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड असतो!

घेताना आणि ठेवताना

शक्यतो तयार पुडी न घेता काड्याच घ्या. लोकलने पुण्याला गेलात तर काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळतात. काडी मोडून पाहा. आतून पिवळी, तंतुमय आणि जिभेवर ठेवताच गोड लागली, तर चांगली. बेचव किंवा कडवट लागली तर जुनी समजा. घरी आणून कोमट तव्यावर जरा शेकवा, खलबत्त्यात ठेचा, मग मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करा. महिनाभर पुरेल एवढीच पूड करावी. ती घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा आणि ओला चमचा कधी घालू नका. पावसाळ्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

स्वयंपाकघरात

*काढा :* चार कप पाणी, इंचभर ठेचलेलं आलं, गवती चहाची चार पाती, तुळशीची पाच-सहा पानं आणि चहाचा पाव चमचा ज्येष्ठमध. पाच मिनिटं उकळून गाळा. चौघांना पुरतो. साखर आधी चाखून मगच घाला, बहुधा लागणारच नाही.

*आलेपाक :* एक वाटी आलं थोड्या दुधात बारीक वाटून घ्या. दोन वाट्या साखर घालून मंद आचेवर ढवळत राहा. गोळा कडा सोडू लागला की चहाचा एक चमचा ज्येष्ठमधाची पूड घाला, तूप लावलेल्या ताटात थापा आणि गरम असतानाच वड्या कापा. मुलांना शाळेत जाताना एक-एक वडी द्यावी.

*खीर :* इंद्रायणी तांदूळ आमच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा, १९८७ सालचा. त्याच्या खिरीत साखर जरा कमी करून चिमूटभर ज्येष्ठमध घाला. चव बदलते; पण फार घातलंत तर औषधी वास येतो हं!

*गुळण्या :* कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा पूड ढवळून गुळण्या करा आणि थुंकून टाका. शस्त्रक्रियेच्या वेळी घशात नळी घालतात, त्यानं मागाहून घसा दुखतो. आधी ज्येष्ठमधाच्या गुळण्या केलेल्या रुग्णांना हा त्रास कमी होतो, असं डॉक्टरांच्या अभ्यासांत दिसलं आहे.

आता माझी चूक सांगते

एका पावसाळ्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू. आल्या आल्या खोकला लागला, म्हणून मी मोठ्या हौसेनं काढा सुरू केला. दिवसातून तीनदा! पुडीचा चमचाही सढळ हातानं. शिवाय चघळायला काडी होतीच. खोकला थांबला, पण गोडी लागली होती. महिनाभर तसंच चाललं. मग एके दिवशी जोडवी घट्ट होऊ लागली.

"आई, पाय सुजलेत का तुमचे?" मी विचारलं.

"अगं, वयाचं आहे ते. शिवाय ही सर्द हवा," त्या म्हणाल्या.

मलाही तसंच वाटलं. पुढं जिना चढताना पाय गळून येऊ लागले, तेव्हा हे त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. मीही सोबत होते. गोळी चालू असूनही रक्तदाब खूप चढलेला! डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध घेता का?" आम्ही दोघींनी एकदम "नाही" म्हटलं. आपण उकळलेला काढा औषध असतो, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं! त्यांनी खोदून विचारलं, तेव्हा कुठं ज्येष्ठमधाचं नाव निघालं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ज्येष्ठमधातल्या त्या गोड अंशामुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, आणि पोटॅशियम मात्र लघवीवाटे निघून जातं. म्हणून सूज येते, दाब चढतो, स्नायूंना अशक्तपणा येतो आणि हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ साली चाळिशी उलटलेल्यांना ज्येष्ठमधाच्या काळ्या मिठाईबद्दल हाच इशारा दिला होता. काढा बंद केला, डॉक्टरांनी उपचार केले आणि काही आठवड्यांनी सासूबाईंची जोडवी पुन्हा सैल झाली. मला मात्र कितीतरी दिवस झोप लागली नाही.

कुणी घेऊ नये?

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ज्येष्ठमध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर बायकांनीही टाळावं. गरोदरपणी ज्येष्ठमधाची मिठाई फार खाल्लेल्या आयांची मुलं बुद्धीच्या चाचण्यांत मागं पडलेली फिनलंडमधल्या अभ्यासात आढळली आहेत. धडधाकट माणसानंही दिवसाला पाव चमच्यावर जाऊ नये आणि आठ दिवसांत थांबावं. तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने आईचं दूध पुरे. गुटीचं काय ते डॉक्टरांना विचारा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच चाटवू नका.

एक शेवटची गोष्ट. आपल्या रानात गुंजेचा वेल असतो. त्याचा पालाही गोड लागतो आणि विड्यात घालतात. पण तिच्या लाल-काळ्या बिया जहरी असतात. चावून फोडलेली एखादीही मुलाच्या जिवावर बेतू शकते. सोनाराच्या वजनाच्या म्हणून कौतुकानं घरात ठेवल्या असतील, तर मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

आमची ज्येष्ठमधाची बाटली अजून फळीवर आहे. फक्त तिच्यावर मी चिठ्ठी डकवली आहे : 'आईंना नाही.' तुमच्या घरात कुणाचं नाव लिहावं लागेल? आजच पाहा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" असं विचारलं, की काढ्याचंही नाव सांगा!