शिक्षा झाली, पण जेल नाही झाली
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

भिवंडीत, नारपोलीला, आमच्या गल्लीत मी 'बीए' म्हणून ओळखला जातो. मी मराठीत कविता लिहितो हे थोड्यांना ठाऊक आहे. इंग्रजी अर्ज भरून देतो हे सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या कारखान्यात लूमची खटखट चालू असते, मी ओट्यावर बसलेला असतो आणि कोणी ना कोणी कागद घेऊन येतो. अशाच एका अर्जात मी एका इंग्रजी शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला आणि एका मुलाची नोकरी गेली. शिक्षेविषयीच्या इंग्रजी शब्दांबद्दल आज बोलायचे आहे, म्हणून सुरुवात त्याच शब्दापासून करतो.

गोष्ट २०१७ सालची. मुलगा बारावी झालेला, वडील लूमवर. एका सरकारी कार्यालयात त्याची शिपाई म्हणून निवड झाली होती. अर्जात एक प्रश्न होता. 'तुम्ही कधी कन्व्हिक्टेड झाला आहात काय?' मी त्याला विचारले, "बेटा, कधी जेलमध्ये गेला होतास?" तो म्हणाला, "नाही चाचा. तीन वर्षांपूर्वी चहाच्या टपरीवर मारामारी झाली होती, कोर्टात गेलो होतो. पण जेल नाही झाली. संध्याकाळपर्यंत कोर्टात बसवलं, शंभर रुपये भरले, सोडून दिलं." मी म्हटले, "मग लिही, 'नो'." त्याने लिहिले. पोलीस पडताळणीत जुना खटला निघाला. खोटी माहिती दिली म्हणून निवड रद्द झाली.

तो कोर्टाचा कागद मी नंतर एका वकिलांना दाखवला, तेव्हा माझी चूक कळली. मारामारीचे कलम होते भारतीय दंड संहितेतले १६०. इंग्रजीत त्या गुन्ह्याला 'अफ्रे' म्हणतात. चारचौघांच्या जागी हाणामारी करून शांतता मोडणे, असा त्याचा अर्थ. त्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकत. मुलाने गुन्हा कबूल केला होता. कोर्टाने लिहिले होते, 'टिल द रायझिंग ऑफ द कोर्ट', म्हणजे कोर्ट उठेपर्यंत साधी कैद, आणि शंभर रुपये दंड. ज्याला तो 'संध्याकाळपर्यंत बसवलं' म्हणत होता, ती कायद्याच्या भाषेत कैद होती. ज्याला तो 'सोडून दिलं' म्हणत होता, ती शिक्षा भोगून झाल्यावरची सुटका होती.

आता हे शब्द एका ओळीत मांडू. 'अरेस्ट' म्हणजे अटक. 'चार्ज' म्हणजे आरोप. अटक झालेला आणि आरोप असलेला माणूस आरोपी असतो, गुन्हेगार नव्हे. पुरावा पाहून किंवा कबुलीवरून कोर्ट त्याला दोषी ठरवते, ते 'कन्व्हिक्शन', मराठीत दोषसिद्धी. त्यानंतर काय भोगायचे ते कोर्ट सांगते, ते 'सेन्टेन्स'. म्हणजे दोषी ठरणे वेगळे आणि तुरुंगात जाणे वेगळे. शंभर रुपये दंड झाला तरी माणूस कन्व्हिक्टेड असतो. उलट एखादा आरोपी दोन वर्षे तुरुंगात राहून निर्दोष सुटला, तर तो कन्व्हिक्टेड नसतो. त्याच्या सुटकेला 'अॅक्विटल' म्हणतात. 'डिस्चार्ज' हा शब्द आपल्याला दवाखान्यामुळे माहीत आहे. कोर्टात त्याचा अर्थ असा, की आरोप ठेवण्याइतकाही आधार नाही म्हणून खटला चालण्याआधीच आरोपीला सोडले.

गंमत पाहा, शाळेत 'सेन्टेन्स' म्हणजे वाक्य आणि 'फाइन' म्हणजे छान. 'कन्व्हिक्शन'चा दुसरा अर्थ मनाची ठाम खात्री. हे तिन्ही अर्थ मला बी.ए.च्या वर्गात शिकवले गेले होते. कोर्टातले अर्थ कोणी शिकवले नव्हते, आणि मीही कधी विचारले नाहीत.

आमच्या गावात आणखी एक अडचण आहे. इथे घरात उर्दू, कारखान्यात हिंदी, कोर्टात आणि पोलीस ठाण्यात मराठी आणि कायद्याच्या पुस्तकात इंग्रजी. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. उत्तर प्रदेशातून नवा आलेला कारागीर 'तीन महिन्यांची शिक्षा' ऐकतो, तेव्हा त्याच्या कानाला शाळा ऐकू येते. दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'शिकणे' या एकाच धातूचे. मराठीने त्यातला छडीचा भाग ठेवला. हिंदीत 'दंड' म्हणजे कोणतीही शिक्षा, मराठीत बहुधा पैशांची. उर्दूत 'गुनाह' म्हटले की पाप आठवते, कायद्यातल्या अपराधाला 'जुर्म' म्हणतात; मराठीत मात्र पोलीस ठाण्यात 'गुन्हा' दाखल होतो. 'जामीन' हा अरबीतून आलेला शब्द मुळात हमी देणाऱ्या माणसाचा. मराठीत ती हमीच जामीन झाली, म्हणून माणसासाठी 'जामीनदार' असा वेगळा शब्द करावा लागला. इंग्रजीतही दोन शब्द आहेत. 'बेल' म्हणजे सुटका, 'शुअरिटी' म्हणजे हमीदार.

कैदेचेही प्रकार आहेत. 'रिगरस इम्प्रिझनमेंट' म्हणजे सक्तमजुरी, 'सिंपल इम्प्रिझनमेंट' म्हणजे साधी कैद. पहिलीत कैद्याला काम करावेच लागते, दुसरीत ती सक्ती नसते. मराठी वाचकाला हा फरक लोकमान्य टिळकांच्या आयुष्यातून समजतो. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. २२ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षांची जी शिक्षा दिली, तिचे इंग्रजी नाव होते 'ट्रान्सपोर्टेशन'. आपण तिला काळे पाणी म्हणतो. सरकारने पुढे ती बदलून साधी कैद केली आणि टिळक मंडालेला गेले. शिक्षा अशी बदलून सौम्य करण्याला 'कम्युटेशन' म्हणतात. प्रकार तोच ठेवून मुदत कमी केली, तर ते 'रिमिशन'.

आज अंजूरफाट्याकडे निघालो तर दर दहा पावलांवर 'ट्रान्सपोर्ट'ची पाटी दिसते. तिथे कापडाचे तागे आणि खोकी चढतात-उतरतात. एके काळी हा शब्द माणसे समुद्रापार नेऊन टाकण्यासाठी वापरत. आपल्या दंड संहितेत तो १९५५ च्या दुरुस्तीपर्यंत होता. १ जानेवारी १९५६ पासून त्याच्या जागी 'इम्प्रिझनमेंट फॉर लाइफ' आले, म्हणजे जन्मठेप.

जन्मठेप चौदा वर्षांची असते, असे कट्ट्यावर हमखास ऐकू येते. ते बरोबर नाही. गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारने सूट दिली नाही तर जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. चौदाचा आकडा १९७८ च्या एका दुरुस्तीने पक्का केला. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षे भोगल्याशिवाय सोडता येत नाही. म्हणजे चौदा ही सुटकेची तारीख नाही. त्याच्या आत सुटका नाही, एवढाच तिचा अर्थ.

बातमीत आणखी दोन शब्द येतात. शिक्षा 'कन्करंट' असतील तर एकत्र भोगायच्या, 'कन्सिक्युटिव्ह' असतील तर एकीमागून एक. सावरकरांना पंचवीस-पंचवीस वर्षांच्या दोन जन्मठेपी झाल्या. त्या एकीमागून एक भोगायच्या होत्या, म्हणून पन्नास वर्षे झाली.

कायद्याचा मराठी अनुवाद रुक्ष असतो, अशी तक्रार आम्ही कवी नेहमी करतो. पण 'पॅरोल'ला आपल्या सरकारी मराठीत 'अभिवचन रजा' म्हणतात, ते मला फार आवडते. 'पॅरोल' हा मुळात फ्रेंच शब्द, अर्थ 'बोल', दिलेला शब्द. परत येईन असा शब्द देऊन कैदी घरी जातो. 'फर्लो'ला 'संचित रजा' म्हणतात. तुरुंगातल्या चांगल्या वर्तनाने साठवलेली ती रजा.

आता ज्या शब्दाची मला सर्वांत जास्त हळहळ वाटते, तो सांगतो. तो आहे 'अॅडमोनिशन', म्हणजे समज देणे. १९५८ साली आपल्याकडे 'प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अॅक्ट', परिवीक्षेचा कायदा झाला. पूर्वी शिक्षा न झालेल्या माणसाला, दंड संहितेतल्या दोन वर्षांपर्यंत कैद असलेल्या गुन्ह्यात, कोर्ट नुसती समज देऊनही सोडू शकते. मोठ्या गुन्ह्यातही चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची सोय त्यात आहे. आणि महत्त्वाचे म्हणजे, अशा रीतीने सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, असे त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात म्हटले आहे. त्या मुलाचा तो पहिलाच गुन्हा होता. हा शब्द त्याला, त्याच्या वडिलांना किंवा मला ठाऊक असता, तर कबुली देण्याआधी निदान मागणी तरी करता आली असती.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या मुलाचे १६० कलम तिच्यात १९४ झाले आणि दंडाची मर्यादा शंभराची हजार झाली. काही किरकोळ गुन्ह्यांसाठी 'कम्युनिटी सर्व्हिस', म्हणजे सामुदायिक सेवा, ही शिक्षाही आली. तिच्यात गजाआड जावे लागत नाही. पण तीही शिक्षाच आहे आणि तिच्याआधीही कोर्ट दोषी ठरवते. अर्जातल्या त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाही 'होय' असेच असेल.

आणि 'होय' लिहिल्याने सगळे संपते असेही नाही. सरकारी नोकरीच्या अर्जात माहिती लपवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या प्रकरणात सविस्तर निकाल दिला. गुन्हा अगदी क्षुल्लक असेल तर माहिती लपवली तरी नेमणूक करणाऱ्याला ती चूक पोटात घालता येते, असे त्यात आहे. खरे लिहिले असेल तर त्याला विचार करायला जास्तच जागा राहते. आम्ही खरे लिहिले असते, तर त्या मुलाच्या बाजूने बोलायला काहीतरी हाती असते. माझ्या 'नो'ने तेही घालवले.

म्हणून श्रोत्यांना माझी विनंती एवढीच. किरकोळ खटल्यात 'कबूल करून टाक, शंभर रुपयांत मोकळा होशील' असे कोणी म्हणाले, तर आधी वकिलाला विचारा. ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, पात्र माणसाला तिथे वकील फुकट मिळतो. कोर्टाचा कागद जपून ठेवा. आणि माझ्यासारख्या एखाद्या बीएने अर्ज भरून दिला, तर प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्याच्याकडून दोनदा वदवून घ्या.

तो मुलगा आता एका ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात बिल्टी लिहितो. मध्यंतरी त्याने आणखी एका नोकरीचा अर्ज आणला होता. तोच प्रश्न होता. या वेळी त्याने मला विचारले नाही. 'येस' लिहिले आणि खाली कलम, तारीख, दंडाची रक्कम स्वतःच्या अक्षरात लिहिली. मग कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, "चाचा, स्पेलिंग तेवढं बघा."