मॉनिटर झोपेतून उठत नाही? आधी बटणावरचं बोट काढा

 

आजचा विषय दिसायला लहान आहे. संगणक चालू ठेवून आपण चहाला उठतो. अर्ध्या तासाने परत येऊन माउस हलवतो, तर मॉनिटर काळाच. कळफलक बडवतो, तरी काळाच. मग आपण काय करतो? संगणकाचं पॉवर बटण दाबून धरतो. संगणक बंद होतो, पुन्हा चालू केला की चित्र येतं, आणि आपण म्हणतो, "झालं बुवा ठीक!" हे ठीक झालेलं नसतं. त्या बटणाची किंमत मी एकदा मोजली आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्याकडे जेठ महिन्यातल्या मंगळवारांना 'बडा मंगल' म्हणतात. अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराकडे लोकांची रीघ लागते आणि गल्लोगल्ली भंडारे असतात. पुरी-भाजी, बुंदी, थंड सरबत. जो येईल त्याला वाढायचं. अशाच एका मंगळवारी एका दिवंगत जवानाची पत्नी कागदपत्रांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली होती. कुटुंब पेन्शनमध्ये नावाच्या स्पेलिंगचा घोळ होता. तिचे कागद बघत बघत, एकेक तारीख आणि क्रमांक पडताळत, दीड तासात मी दोन पानी अर्ज टाइप केला. साध्या नोटपॅडमध्ये, आणि एकदाही सेव्ह न करता! कोपऱ्यावरच्या भंडाऱ्यातून बोलावणं आलं, आम्ही दोघं प्रसाद घेऊन अर्ध्या तासाने परत आलो, तर मॉनिटर काळा.

मी बटण दाबून धरलं. चित्र आलं, अर्ज गेला. तिला कैसरबागहून सीतापूरची शेवटच्या आधीची बस पकडायची होती. "कोई बात नहीं साब, फिर आ जाएँगे," म्हणाली आणि गेली. त्या वेळी संगणक जागा होता. अर्ज त्याच्या मेमरीत शाबूत होता. फक्त पडदा उठलेला नव्हता. हे मला नंतर कळलं.

म्हणून आजचा सगळा भाग एका वाक्यात सांगायचा तर असा: काहीही दाबण्याआधी, झोपलंय कोण ते ओळखा.

तिघांपैकी कोण झोपलं?

इथे तीन गडी आहेत. एक संगणक, दुसरा मॉनिटर, आणि तिसरी त्यांच्यामधली बोलाचाली, म्हणजे केबल आणि तिच्यावरून जाणाऱ्या खुणा. तिघांपैकी कोणीही अडलं तरी आपल्याला दिसतं एकच: काळा पडदा.

आधी संगणक बघू. कळफलकावरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर संगणक जागा आहे. कळफलकावर असा दिवा नसेल, तर आवाज वाढवायचं बटण दाबून स्पीकरमधून टिकटिक येते का ते ऐका.

आता मॉनिटर. त्याच्या कडेचा छोटा दिवा बघा. अजिबात नसेल तर आधी प्लग, स्विच आणि बोर्ड तपासा. दिवा असेल तर मॉनिटरचंच मेनूचं बटण दाबा. पडद्यावर मेनू किंवा 'नो सिग्नल' अशी पाटी उमटली, तर मॉनिटरचं पॅनल आणि मागचा प्रकाश दोन्ही ठीक आहेत. कोणी "पॅनल गया" म्हणालं तरी लगेच खिशात हात घालू नका.

कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, मॉनिटरचा मेनू दिसतोय, तरी चित्र नाही? मग दोष तिसऱ्या गड्याचा, बोलाचालीचा. माझ्याकडे तसंच होतं.

ही बोलाचाली असते तरी काय?

जुने, जाड, काचेच्या नळीचे मॉनिटर आठवा. ते वीज फार खात. १९९२ मध्ये अमेरिकेत 'एनर्जी स्टार' योजना सुरू झाली, तेव्हा तिच्यात सर्वांत आधी संगणक आणि मॉनिटरच घेतले गेले. पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, 'व्हेसा' या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मॉनिटरला झोपवण्याची पद्धत ठरवून दिली. व्हीजीए केबलमधून दोन ताल जात असतात, एक आडव्या ओळींचा आणि एक उभ्या फेरीचा. संगणकाने दोन्ही ताल थांबवले की मॉनिटरने बंद व्हायचं, आणि ताल सुरू झाले की उठायचं. अगदी सरळ. बिगुल वाजला की जवान उठतो, तसं.

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टमध्ये तेवढ्याने भागत नाही. तिथे आधी हजेरी लागते. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १८ क्रमांकाच्या पिनवर संगणक ५ व्होल्ट देतो आणि १९ क्रमांकाच्या पिनवरून मॉनिटर सांगतो, "मी हजर आहे." मग संगणक मॉनिटरचं ओळखपत्र वाचतो. हे ओळखपत्र किमान १२८ बाइटचं असतं. मॉनिटर कोणत्या कंपनीचा, कोणता आकार, कोणती रिझोल्युशन चालतात, हे सगळं त्यात असतं. डिस्प्लेपोर्टमध्ये याच्याही पुढे जाऊन किती वेगाने बोलायचं, हेही दोघं आपसात ठरवतात. एवढं झाल्यावर चित्र सुरू होतं.

आता अडचण कुठे येते बघा. काही मॉनिटर, विशेषतः डिस्प्लेपोर्टवर असताना, इतके गाढ झोपतात की 'हजर आहे' ही खूणही काढून घेतात. संगणकाला वाटतं, कोणीतरी केबल उपटली. आपण माउस हलवतो तेव्हा संगणक जागा होतो, पण त्याच्या लेखी समोर मॉनिटरच नाही, तर चित्र पाठवायचं कुणाला? इकडे मॉनिटर चित्राची वाट बघतोय, तिकडे संगणक हजेरीची. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये आपण डोकं धरून बसलेलो.

काळा पडदा समोर असताना

आता क्रम सांगतो. हा क्रम मोडू नका, कारण यातली पहिली पावलं तुमचं काम शाबूत ठेवणारी आहेत.

पहिलं, कळफलकावरचं एक बटण दाबा आणि मनात पंधरापर्यंत मोजा. ओळखपत्र वाचायला वेळ लागतो. घाईने दहा बटणं दाबू नका.

दुसरं, विंडोज असेल तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही एकदम दाबा. याने चित्र पाठवणारा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेली कामं बंद होत नाहीत. बहुधा एक छोटा 'बीप' ऐकू येतो आणि पडदा लुकलुकतो.

तिसरं, मॉनिटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, पाच सेकंदांनी चालू करा. लक्षात घ्या, मॉनिटरचं बटण, संगणकाचं नव्हे. मॉनिटर बंद केल्याने तुमचं काम जात नाही.

चौथं, चित्राची केबल मॉनिटरच्या बाजूने काढून पुन्हा घट्ट बसवा. डिस्प्लेपोर्टच्या केबलीला बहुधा खटका असतो, तो दाबून मगच ओढा. केबल परत बसली की हजेरी नव्याने लागते.

पाचवं, मॉनिटरचा प्लग भिंतीतून काढा आणि दोन मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते आणि अडकलेला मॉनिटर कोऱ्या पाटीने सुरू होतो.

लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडला असेल तर सगळ्यात सोपं काम आधी करा: झाकण उघडा. लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र दिसलं तर काम तिथूनच सेव्ह करा. मग विंडोज आणि पी ही बटणं दाबून दोन पडद्यांची मांडणी पुन्हा निवडा.

आणि कॅप्स लॉकचा दिवा लागतच नसेल तर? मग संगणक स्वतः झोपलाय. त्याचं पॉवर बटण एकदाच, हलकेच दाबून सोडा. त्याने तो उठतो. दाबून धरू नका. चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं की वीज तोडायची, असंच ते बटण बनवलेलं असतं. वरचं सगळं करून झालं, हलकं दाबूनही काही हललं नाही, तरच तो शेवटचा उपाय.

रोज रोज होत असेल तर

एकदा घडलं तर सोडून द्या. आठवड्यातून तीनदा घडलं तर वही काढा. तारीख, किती वेळ झोपला होता, कोणत्या पावलाला उठला, एवढंच लिहा. आणि एका वेळी एकच बदल करा. चार बदल एकदम केले आणि दुरुस्त झालं, तर कशाने झालं ते कधीच कळत नाही.

सुरुवात मॉनिटरच्या मेनूपासून करा, कारण तिथे पैसे लागत नाहीत. 'ऑटो इनपुट' किंवा 'ऑटो सोर्स' असं काही असेल तर ते बंद करून जी केबल लावली आहे तीच निवडून ठेवा. नाहीतर मॉनिटर उठताना एकेका पोर्टवर डोकावत बसतो आणि कुठेच काही नाही म्हणून पुन्हा झोपतो. त्याच मेनूत 'डीप स्लीप' असा पर्याय दिसला तर तोही बंद करा. मॉनिटर झोपेत थोडी जास्त वीज घेईल, पण हजेरी सोडणार नाही.

मग केबल. डिस्प्लेपोर्टच्या काही निकृष्ट केबलींत २० क्रमांकाची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. मानकाप्रमाणे साध्या केबलीत ती जोडायचीच नसते. दोन्ही यंत्रं त्या पिनवर ३.३ व्होल्ट देतात, आणि अशा केबलीतून एकाची वीज दुसऱ्यात शिरते. मध्ये डॉक किंवा अडॅप्टर असेल तर तो काढून चार दिवस थेट केबलीवर चालवून बघा.

त्यानंतर संगणक. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करा. कळफलक संगणकाला उठवत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कळफलकाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन त्याला संगणक जागा करण्याची परवानगी आहे का ते बघा. एवढं करूनही जमलं नाही, तर संगणकाची झोप बंद ठेवा, फक्त पडदा विझू द्या, आणि उठताना कामं सेव्ह करायची सवय लावा.

आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते-येते. संगणक यूपीएसवर आणि मॉनिटर साध्या बोर्डावर असेल, तर लाइट गेली की मॉनिटर मधेच गायब होतो आणि परत आल्यावर हजेरीचा तोच गोंधळ. दोघांना एकाच यूपीएसवर घ्या.

खरोखर बिघाड कधी?

दिवा लागलाय पण मेनूही दिसत नाही, तेव्हा खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसटसं चित्र दिसलं तर मागचा प्रकाश गेलाय. मॉनिटर चालू व्हायला रोज जास्त वेळ घेतो, दिवा लुकलुकत राहतो, तर पॉवर सप्लायमधले कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी. तो मेकॅनिककडे द्या. स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत वीज राहते. आणि नेण्याआधी मॉनिटरला दुसरा एखादा लॅपटॉप जोडून बघा. दुसऱ्या लॅपटॉपवर नीट उठत असेल तर मॉनिटर निर्दोष आहे.

माझ्या वेळी ही चाचणी मी केली नव्हती. एका मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला होता, "साहब, मदरबोर्ड गया समझिए." नवा मदरबोर्ड घ्यायच्या तयारीत होतो. त्याआधी सहज मॉनिटरच्या मेनूत शिरलो आणि 'डीप स्लीप' बंद केलं. वहीत त्यानंतर एकही नोंद नाही. खर्च शून्य.

सीतापूरची ती बाई पुढच्या मंगळवारी पुन्हा आली. तोही बडा मंगलच होता. पुन्हा तीच पिशवी, पुन्हा त्याच तारखा, पुन्हा दीड तास. या वेळी पहिली ओळ टाइप केली आणि कंट्रोल-एस दाबलं, मग प्रत्येक परिच्छेदानंतर दाबलं. तिने विचारलं, "साब, ये बार-बार क्या दबाते हैं?" म्हटलं, "आपका बस का किराया बचा रहा हूँ." ती हसली. प्रिंट हातात आल्यावरच आम्ही भंडाऱ्याला गेलो.

तुम्हीही आज एक काम करा. मॉनिटर नीट चालू असतानाच त्याचा मेनू उघडा आणि हे दोन पर्याय कुठे आहेत ते बघून ठेवा. पडदा काळा झाल्यावर शोधायला जाल तर घाई होते, आणि घाईत बोट पुन्हा त्याच बटणावर जातं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!